संगणक बदलताना अक्षरांचे काय होते?



आपल्या विद्यालयाच्या संगणक-कक्षात २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत जो बदल घडून आला, तो तुम्हांपैकी बहुतेकांच्या ध्यानी आलाच असेल. यंत्रे तीच, मेजे तीच, खिडकीबाहेरचे फणसाचे झाडही तेच. परंतु यंत्र सुरू करताच पडद्यावर उमटणारे चित्र मात्र निराळे. विंडोज गेले आणि त्याच्या जागी लिनक्स आले. पहिले चार दिवस “बाई, ते बटण कुठे गेले?” या प्रश्नाने आम्हां शिक्षकांचे कान किटले. पाचव्या दिवसापासून तो प्रश्न विद्यार्थ्यांकडून येईनासा झाला आणि शिक्षकच एकमेकांना विचारू लागले. असो.

या लेखाचा विषय ती बटणे नव्हेत. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी एक जुना लेखसंग्रह नव्या व्यवस्थेत उघडला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी लहानमोठी अक्षरे, मध्येच डॉलरचे चिन्ह, मध्येच स्वल्पविराम, मध्येच उलटी कंसचिन्हे, अशी पानेच्या पाने भरलेली होती. कोणी खोडकर मुलाने कळफलकावरून हात फिरवावा, तसा तो मजकूर दिसत होता.

तो मजकूर कोणता, हे सांगितल्यावाचून माझ्या धास्तीची कल्पना तुम्हांस येणार नाही. ज्यांच्यापाशी मी याच शाळेत मराठीचे धडे गिरवले, त्या आमच्या गुरुजींनी २००४ ते २००६ या काळात आपल्या पंचक्रोशीतील जमिनींची नावे जमा केली होती. प्रत्येक शेत, प्रत्येक कुळागर, मोरड, झर, ओहळ, पाणंद आणि देवराईतला धोंडासुद्धा त्यांनी सोडला नव्हता. नाव काय, ते का पडले, कोणी सांगितले आणि त्या जागेचा सर्वे क्रमांक कोणता, अशा चार रकान्यांत सुमारे सहाशे नोंदी त्यांनी स्वतः टंकित केल्या होत्या. मी तेव्हा नववीत होते आणि रविवारी त्यांच्यामागून वही घेऊन हिंडणाऱ्या मुलांत मीही एक होते. ज्या वृद्धांनी ती नावे सांगितली, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. काही शेतांवर आता घरे उभी आहेत. सरकारी उताऱ्यावर क्रमांक असतो, परंतु “इथे वाघाने म्हैस धरली म्हणून हे नाव” असे तिथे कोणी लिहून ठेवीत नाही. आपल्याजवळ त्याची एकच प्रत होती, आणि ती अशी झाली होती!

आता हे झाले कसे, ते समजण्यासाठी आपणांस थोडे मुळाशी जावे लागेल. मी कला शाखेची पदवीधर, संगणकशास्त्राची नव्हे. परंतु या प्रकरणाने मला जे शिकणे भाग पाडले, ते तुम्हांला सांगण्याइतके मजजवळ नक्कीच आहे.

प्रथम, संगणकाचा ‘प्रकार’ बदलणे म्हणजे नेमके काय बदलणे? व्यक्तिगत वापराच्या संगणकांत तीन घराणी सर्वपरिचित आहेत. आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. त्याच्या घडणीचे अनुकरण इतर अनेक कंपन्यांनी केले, आणि त्याच वंशातील यंत्रांवर पुढे मायक्रोसॉफ्टची विंडोज ही कार्यप्रणाली नांदू लागली. अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारीत आला. १९९१ साली फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका कार्यप्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला, तीच लिनक्स. यंत्र आणि कार्यप्रणाली या दोन वेगळ्या वस्तू होत, हे येथे ध्यानात घ्यावे. आपण यंत्र बदलले नाही, कार्यप्रणाली बदलली. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा, पूर्वी जाहीर झाल्याप्रमाणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अकरावी आवृत्ती बसवावी, तर तिला टीपीएम २.० नामक सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक यादीतील नवा प्रक्रियक लागतो. आपली यंत्रे त्या अटींत बसत नव्हती. धडधाकट यंत्रे भंगारात घालणे आपल्या शाळेला परवडणारे नाही, यास्तव लिनक्स. केरळ राज्यातील सरकारी शाळांत तर खुल्या प्रणालींवर पुष्कळ वर्षांपासून संगणकशिक्षण चालत आले आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे केले असे नव्हे.

एका व्यवस्थेसाठी लिहिलेले उपयोजन दुसऱ्या व्यवस्थेत का चालत नाही, हा प्रश्न आठवीच्या एका मुलाने मला विचारला. त्याला मी जत्रेतल्या नाटकाचे उदाहरण दिले. आपल्याकडे जत्रेला नाटक नाही असे देऊळ शोधून काढावे लागेल, म्हणून हे उदाहरण तुम्हांलाही पटावे. प्रक्रियक हा नट समजा आणि उपयोजन ही नाटकाची संहिता. नटाला संहितेची भाषा यावयास हवी, हे उघड आहे. पण तेवढ्याने भागत नाही. “मागचा पडदा ओढा”, “उजवीकडचा दिवा मंद करा” अशा सूचना संहितेत जागोजागी असतात, आणि त्या पाळणारी मंडळी रंगमंचामागे उभी असते. ही मंडळी म्हणजे कार्यप्रणाली. उद्या तेच नट तीच संहिता घेऊन दुसऱ्या गावच्या मंडपात गेले आणि तिथल्या मंडळींच्या सूचनांचे शब्दच निराळे असले, तर पडदा ओढला जाणार नाही आणि नाटक पहिल्याच प्रवेशात थांबेल. विंडोजचे उपयोजन लिनक्सवर चालू पाहते तेव्हा असेच होते. यावर उपाय म्हणून दुभाषे निर्माण झाले आहेत. १९९३ पासून तयार होत आलेला असा एक दुभाष्या लिनक्सवर आहे; त्याचे नाव वाइन. गोव्यात हे नाव ऐकून वर्गात खसखस पिकली, परंतु तो बिचारा निर्व्यसनी आहे. विंडोजच्या पद्धतीने केलेली मागणी लिनक्सच्या पद्धतीत सांगणे एवढेच त्याचे काम.

अॅपलच्या यंत्रांत तर नटच बदलला गेला, आणि तोही एकदा नव्हे. १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये त्या कंपनीने मॅकिंटॉशमधील प्रक्रियकाचे कुळच पालटले. जुन्या प्रक्रियकाच्या भाषेतील उपयोजने नव्यावर चालावीत म्हणून २००६ मध्ये जो अनुवादक त्यांनी दिला, त्याचे नाव रोझेटा. २०२० मध्ये दिला त्याचेही नाव रोझेटाच, दुसरा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके नाही. इजिप्तमधील रोझेटा या गावी १७९९ साली एक शिळा सापडली. तिच्यावर एकच आज्ञापत्र तीन लिप्यांत कोरलेले होते. त्यांतील ग्रीक वाचता येत होती, म्हणून तिच्या आधाराने फ्रान्सच्या शांपोलियोंने १८२२ साली चित्रलिपीचे कोडे सोडविले. ही शिळा ध्यानात ठेवा. आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

तेव्हा उपयोजने सोबत येत नाहीत, हे मला ठाऊक होते आणि त्याचे दुःखही नव्हते. लिहिण्याचे एक साधन गेले, दुसरे मिळाले. परंतु मजकूर? मजकूर ही सूचना नव्हे. ती तर आपली स्वतःची वस्तू. ती का बिघडावी? आणि गंमत अशी, की गुरुजींच्या त्या लेखात दोन-चार ओळी इंग्रजीत होत्या, त्या जशाच्या तशा वाचता येत होत्या. सर्वे क्रमांकही शाबूत होते. नासले होते ते केवळ मराठी.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला संख्या कळते. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. इंग्रजीपुरता असा करार अमेरिकेत १९६३ साली झाला. त्याला आस्की म्हणतात. त्यात १२८ जागा. पहिले मोठे इंग्रजी अक्षर ६५ व्या क्रमांकावर, त्यापुढील ६६ वर, अशी ती रचना. हा करार पुढे जवळजवळ सर्व घराण्यांनी मानला, म्हणून इंग्रजी मजकूर विंडोजवरून मॅकिंटॉशवर न्या की लिनक्सवर न्या, तो वाचता येतो. देवनागरीला मात्र त्या १२८ जागांत स्थान नव्हते.

मग आपल्या लोकांनी काय केले? दोन वाटा निघाल्या. एक राजमार्ग. सरकारी संस्थांनी भारतीय लिप्यांसाठी इस्की हा स्वतंत्र करार तयार केला आणि भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारला. दुसरी आडवाट. टंक तयार करणाऱ्यांनी असा विचार केला, की संगणकाला इंग्रजीच्या संख्याच साठवू द्याव्यात, केवळ पडद्यावर आणि कागदावर इंग्रजी आकाराऐवजी देवनागरी आकार काढावा. म्हणजे आत ६५ ही संख्या, वर दिसणार मात्र एखादा काना नाहीतर अर्धा ‘ण’. इंग्रजी अक्षरावर मराठी मुखवटा चढविण्याचाच हा प्रकार! कोणत्या संख्येवर कोणता मुखवटा, हे प्रत्येक टंककाराने आपापल्या सोयीने ठरविले. त्यामुळे एका टंकात लिहिलेले दुसऱ्या टंकात लावले की अर्थाचा अनर्थ होई.

या आडवाटेला आज नावे ठेवणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी ग्रंथ, वृत्तपत्रे, लग्नपत्रिका आणि आपला हा वार्षिकांकही त्याच मुखवट्यांच्या जोरावर छापला गेला. गुरुजी लिहीत होते त्या काळी विंडोजला नवी पद्धत अवगत झाली होती, पण छापखान्यांत पानरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना ती येत नसे, आणि छापणारे म्हणत, “आमच्या टंकात द्या, नाहीतर छापता येणार नाही.” गुरुजींनी त्यांच्या टंकात दिले. त्यांचे काय चुकले?

चूक आमची झाली. सुट्टीत यंत्रे पुसून नवी व्यवस्था बसविताना आम्ही सर्व लेख काळजीपूर्वक दुसरीकडे उतरवून घेतले. लेख कसले, तर संख्यांच्या रांगा! ज्या टंकामुळे त्या रांगा मराठी दिसत, तो टंक त्या जुन्या यंत्रातच राहिला आणि पुसला गेला. मुखवट्यांची पेटी मागे ठेवून नाटकमंडळी पुढच्या गावाला गेली, म्हणा ना. पुष्कळ शोधाशोध करून त्याच नावाचा एक टंक मिळाला, तो लावला. निम्मी अक्षरे नीट आली, निम्मी भलतीच. त्या टंकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत जागांची अदलाबदल झालेली होती.

आता तो करार पाहू, ज्यात आज आपण लिहितो. जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत क्रमांक द्यावेत या हेतूने युनिकोड नावाची संघटना स्थापन झाली आणि १९९१ साली तिची पहिली यादी प्रसिद्ध झाली. देवनागरीला त्यात २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा मिळाल्या; त्यांची मांडणी इस्कीच्या आराखड्यावर बेतलेली होती. ‘क’ म्हणजे २३२५. तो विंडोजवर २३२५, मॅकिंटॉशवर २३२५, लिनक्सवर २३२५ आणि तुमच्या वडिलांच्या मोबाइलवरही २३२५. टंक बदला, आकार किंचित निराळा दिसेल. ‘ल’ आणि ‘श’ कधी मराठी वळणाचे तर कधी हिंदी वळणाचे उमटतील. पण ‘क’ चा ‘ग’ होणार नाही.

या यादीची दुसरी एक गोष्ट मला फार आवडली. तिच्यात जोडाक्षरे नाहीत! तिच्यात वर्ण आहेत, स्वरचिन्हे आहेत आणि पाय मोडण्याची खूण आहे. तिचा क्रमांक २३८१. ‘पर्वत’ हा शब्द साठवताना प, र, पायमोड, व, त असा क्रम राहतो, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने. रफार डोक्यावर नेऊन बसविणे हे टंकाचे काम. व्याकरणाच्या तासाला तुम्ही जो वर्णविग्रह करता आणि ज्याचा तुम्हांला एवढा कंटाळा, तोच यंत्राच्या पोटात अहोरात्र चाललेला असतो. जुन्या मुखवट्यांच्या पद्धतीत असे नव्हते. तिथे सारा कारभार दिसण्यावर चाले. ‘शिवार’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘श’ नंतर, कारण ती डावीकडे दिसते. ‘पर्वत’ मध्ये ‘व’ आधी आणि रफार नंतर. ‘ण’ हे पूर्ण अक्षर तर नव्हतेच. अर्धा ‘ण’ आणि पुढे काना मिळून त्याचा आकार जुळवीत. म्हणजे तोच काना कधी खरा काना, तर कधी ‘ण’ चा निव्वळ दंड!

आता आमच्या रोझेटा शिळेकडे वळतो. गुरुजींनी आपल्या संग्रहातील काही नोंदी २००६ च्या वार्षिकांकात छापल्या होत्या. ग्रंथालयात त्या अंकाची एक प्रत मिळाली, वाळवीने किंचित खाल्लेली, परंतु ती चार पाने सुरक्षित. सर्वे क्रमांक दोन्हीकडे सारखे, त्यामुळे पडद्यावरील कोणती ओळ म्हणजे छापील अंकातील कोणती ओळ, हे ताबडतोब जुळले. दहावीतील दोन विद्यार्थिनी, आमचे संगणक-शिक्षक सहकारी आणि मी असे आम्ही चौघे रोज शाळा सुटल्यावर बसू लागलो. छापील ‘ओहळ’ समोर ठेवायचा, पडद्यावरची चिन्हे मोजायची आणि कोणते चिन्ह कशाचे, ते कागदावर मांडायचे. चार दिवसांत जवळजवळ पूर्ण कोष्टक तयार झाले. मग त्या मुलींनी पायथन या संगणकभाषेत चिन्हे बदलणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला.

पहिला प्रयत्न फसला. त्यांनी काना आधी बदलला, त्यामुळे अर्धा ‘ण’ आपल्या दंडावाचून लंगडा राहिला आणि ‘ण’ असलेला प्रत्येक शब्द मोडला. मग क्रम उलटा केला: दोन-तीन चिन्हांचे समूह आधी, सुटी चिन्हे नंतर, पुढे वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे आणि सर्वांत शेवटी रफार उचलून व्यंजनाच्या पुढे. त्या संध्याकाळी कळ दाबल्यावर पडद्यावर सरसर मराठी उमटू लागले तेव्हा आम्ही चौघेही काही वेळ बोललो नाही. वायंगणाची शेते, पुरणशेतीचे वाफे, कुमेरीच्या जागा, एकेक नाव वर येत होते. मी वही घेऊन ज्या बांधावर उभी राहिले होते, त्या बांधाचे नाव मी स्वतः विसरले होते.

नोंदी कागदावर छापून आम्ही गुरुजींकडे गेलो. ते आता थकले आहेत, पण चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात. तिसऱ्या पानावर ते थबकले आणि मिस्कीलपणे म्हणाले, “बाये, आमच्या गांवांत दर्यो खंयसावन आयलो गो?” म्हणजे, आपल्या गावात समुद्र कोठून आला? मी पाहिले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या गावात ‘दर्यांतली शेते’ असे शीर्षक छापले गेले होते. मूळ शब्द अर्थातच ‘दऱ्यांतली’. आणि मग शोधू गेलो तर असे शब्द पानोपानी. छापील चार पानांत ते अक्षर एकदाही आले नव्हते, म्हणून आमच्या कोष्टकात त्याचा अर्थ अदमासाने लिहिला गेला होता. आम्ही त्याला साधा रफार समजलो.

विद्यार्थ्यांनो, हा ‘ऱ्य’ म्हणजे मराठीचे एक वेगळेपण आहे. हिंदीला त्याची गरज भासत नाही. आपल्याला मात्र आचार्यांना वंदन करायचे असते आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा असतो. ही गल्लत झाली तर दोघेही रागावतील. युनिकोडने त्यासाठी ‘र’ च्या शेजारीच एक जागा ठेवली आहे. ‘दर्या’ या शब्दाच्या संख्या अशा: २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. ‘दऱ्या’ च्या अशा: २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. दोन्ही रांगा वहीत एकाखाली एक लिहून पाहा. दुसऱ्या स्थानी एकाचा फरक आहे. त्या एकाने समुद्राची दरी होते. यातील प्रत्येक संख्या साठवायला, १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी योजलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, तीन बाइट लागतात. तेव्हा पाच चिन्हांच्या ‘दऱ्या’ ला किती बाइट लागतील, हे पाचवीतला मुलगाही सांगेल.

जाता जाता कळफलकाविषयी. नव्या व्यवस्थेत मराठी कसे लिहायचे, असे पालकही विचारतात. इन्स्क्रिप्ट नावाची जी मांडणी सरकारने १९८६ साली ठरविली, ती तिन्ही घराण्यांत उपलब्ध आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’ च्या कळीवर ‘क’, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ख’. ‘जे’ च्या कळीवर ‘र’, आणि शिफ्टसह ‘ऱ’. त्यापुढे ‘डी’ ची कळ दाबली की पाय मोडतो. मी अनेक वर्षे इंग्रजी उच्चारांवरून मराठी लिहिण्याच्या सोप्या पद्धतीने काम केले होते. लिनक्सवर ती हाताशी नव्हती, म्हणून नाइलाजाने इन्स्क्रिप्ट शिकले. पहिला आठवडा वाईट गेला. पण आपण तरी रोज सकाळी काय करतो? घरी ‘कितें’ म्हणतो आणि शाळेच्या पायऱ्या चढता चढता त्याचे ‘काय’ होते. जिभेला वळण लागले की त्याचे काही वाटत नाही. बोटांचेही तसेच झाले. आता शिफ्टसह ‘जे’ दाबताना मला दर वेळी गुरुजींचा दर्यो आठवतो.

एक लहानशी अडचण आणखी निघाली, ती जिज्ञासूंसाठी नोंदवून ठेवते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या यादीत २००८ साली स्वतंत्र म्हणून आले. त्यापूर्वी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवीत, आणि आजही पुष्कळजण ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत संख्या निराळ्या. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर यंत्र “सापडत नाही” असे खुशाल सांगते. या लेखात अॅपल कंपनीचे नाव आहे. ते मी कोणत्या पद्धतीने लिहिले असेल, हे शोधण्याचे काम दहावीच्या वर्गाने करावे.

गुरुजींनी सहाशेपैकी एकशे चाळीस नोंदींवर पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांतील बहुतेक ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ च्या होत्या. त्या कोष्टकात एक ओळ सुधारताच एकदम दुरुस्त झाल्या. काही चुका मात्र यंत्राच्या नव्हत्याच, त्या २००५ मध्ये गुरुजींच्याच हातून झालेल्या होत्या. त्या त्यांनी लाजत लाजत सांगितल्या. राहिल्या अकरा नोंदी. त्यांतील नाव काय असावे, हे कोष्टकालाही सांगता येत नाही आणि गुरुजींनाही आठवत नाही. सर्वे क्रमांक तेवढे आहेत. ती यादी आम्ही कक्षाच्या दारावर लावली आहे. त्या क्रमांकांच्या जमिनी कसणाऱ्या घरांतील कोणी मुले आपल्या शाळेत असतील, तर त्यांनी घरी आजी-आजोबांना विचारून यावे. नाव सांगणाऱ्याचेही नाव लिहून आणावे, कारण तिसरा रकाना गुरुजी रिकामा सोडू देत नाहीत.